मालक बोलतोय

"ऐका. मालक बोलतोय."

तात्यांचा व्हॉट्सॲपवरचा निरोप असा सुरू व्हायचा. रामराम नाही, नमस्कार नाही. मग एकदा खाकरायचे, आणि मग जी वस्तू त्यांनी विकत घेतली असेल तिच्याबद्दलचं मत सांगायचे. चांगलं असो, वाईट असो, दुकानाच्या नावागावासकट. शेळगावच्या ग्रुपवरून तो निरोप निमगावला जायचा, अंथुर्ण्याला जायचा, इंदापूरला जायचा आणि फिरत फिरत संध्याकाळपर्यंत बारामतीत आमच्या शेठच्या फोनवर यायचा. शेठ तो मोठ्यानं लावायचे. दुकानातली सगळी माणसं हातातलं काम थांबवायची. आज पाळी कोणाची, हे कळेपर्यंत कोणी हलायचं नाही.

मी त्या दुकानात टीव्ही, स्पीकर, होम थिएटर घरोघरी जाऊन जोडून द्यायचं काम करायचे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, मूळची इंदापूरची, आणि ड्रिल मशीन घेऊन शिडीवर चढणारी दुकानातली एकटीच मुलगी. तात्या मला पहिल्या दिवसापासून 'इंजिनेर' म्हणायचे. त्यात निम्मी चेष्टा होती. उरलेलं निम्मं काय होतं ते कळायला मला बराच वेळ लागला.

ते शेळगावचे बागायतदार. शेडनेटमध्ये ढोबळी मिरची, पलीकडे डाळिंब. साठीच्या अलीकडचं वय, काटक अंग, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते कोणालाही, कुठंही ऐकवायचे.

"पैसे देईस्तवर माणूस गिऱ्हाईक असतोय. दुकानाची पायरी उतरला की मालक. गिऱ्हाइकानं घासाघीस करावी, काय करायचं ते करावं. पण मालकानं खोटं बोलायचं न्हाय. त्याच्या बोलण्यावर दुसरा माणूस घर भरतोय."

ट्रॅक्टर घेतला तेव्हा पहिल्या सर्व्हिसिंगला गेले आणि शोरूममध्ये नवा ट्रॅक्टर बघायला आलेल्या लोकांना म्हणाले, "गिअर बॉक्स सोन्यासारखा हाय, पण सीट कंबर मोडतंय. उशी घिऊन बसा." मॅनेजरनं हात जोडून बाहेर काढलं. पुढच्या वेळी ट्रॅक्टर त्यांनी त्याच शोरूममधून घेतला, कारण गिअर बॉक्स सोन्यासारखा होता. दाढ काढून घेतल्यावर दातांच्या डॉक्टरकडे बाहेर बसलेल्या पेशंटांना सांगितलं, "हात हलका हाय, भ्यायचं काम न्हाय. खुर्ची मात्र भंगारात घाला म्हणावं." भाचीच्या लग्नात जेवणाचं मत त्यांनी माईकवरून सांगू नये म्हणून माईकजवळ एक माणूस उभा केला होता म्हणतात.

पण लोक त्यांचं ऐकायचे, कारण ते लाच घेत नव्हते आणि राग धरत नव्हते. आणि दुसरं म्हणजे त्यांचे कान. विहिरीवरची मोटर हवा ओढतेय की बेअरिंग गेलंय, हे ते बांधावरून चालता चालता सांगायचे. आजूबाजूचे लोक मुद्दाम बोलवायला यायचे. तात्या जायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचे, मूठ डाव्या कानाला लावायचे, डोळे मिटायचे. सगळे गप्प. मग एकदम डोळे उघडून, "घासतंय. खोला," म्हणायचे आणि चहा न घेता निघायचे.

अशा माणसानं होम थिएटर घ्यायचं ठरवलं, त्याला कन्हेरीचे त्यांचे एक पाहुणे कारण झाले. त्या पाहुण्यांच्या बंगल्यात लढाईचा कुठलासा सिनेमा चालू होता. हेलिकॉप्टर मागून आलं, डोक्यावरून गेलं, आणि तात्या उठून अंगणात जाऊन आभाळाकडं बघून आले. दुसऱ्याच दिवशी ते आमच्या दुकानात.

"ते मशीन पायजे. डोक्यावरनं जाणारं."

त्यांच्या घरामागं डाळिंबाचे क्रेट ठेवायची खोली होती. ती रिकामी करून चुन्यानं रंगवून घेतली होती. समोर दोन स्पीकर, मधे एक, मागच्या कोपऱ्यांत दोन, आणि जमिनीवर घुमणारा मोठा डबा. या सगळ्यांना आवाज वाटून देणारं यंत्र म्हणजे रिसीव्हर; त्याला तात्या नुसतं 'मशीन' म्हणायचे. खोलीच्या बरोबर मध्यावर शिसवी लाकडाची जड खुर्ची. ती त्यांची. तिथं दुसऱ्या कोणी बसायचं नाही.

मशीन जोडल्यावर खुर्चीच्या जागी छोटा माईक ठेवून आवाज मोजावा लागतो. प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीनं 'श्श्श' असा आवाज येतो, माईक तो ऐकतो आणि मशीन स्वतःला जुळवून घेतं. मी म्हणाले, आता कोणी बोलू नका. तात्यांनी कोंबड्या डालल्या, कुत्रं लांब बांधलं, आणि दारात उभ्या असलेल्या काकींकडं असं बघितलं की त्यांनी दोन्ही हातांच्या बांगड्या मुठीत धरून ठेवल्या. मोजणं संपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. काकी म्हणजे तात्यांची बायको. ठेंगणी, सावळी, कमी बोलणारी बाई. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं.

पहिलं मत आलं ते असं: "ऐका. मालक बोलतोय. बारामतीचं आवाजाचं मशीन. झकास हाय. मॅचला बसलो तर पाठीमागं पब्लिक वराडतंय, वळून बघावं वाटतं. रिमोटवर बटणं लई, निम्मी कामाची न्हाईत. जोडणारी पोरगी हुशार हाय, पण भितीला भोकं जास्ती पाडती."

त्या एका निरोपावर आमच्याकडे गिऱ्हाइकं आली. तात्या त्यांना घरी बोलवायचे, बाजूच्या सतरंजीवर बसवायचे, ऐकवायचे. पळसदेवच्या एकाला मात्र म्हणाले, "तुझं घर पाण्याच्या कडंला, भिती ओल्या. मशीन सडंल. घिऊ नको." तो परत गेला. शेठनी कपाळाला हात लावला. पण बाकीच्यांमुळे धंदा चालला होता म्हणून गप्प बसले.

मग एक दिवस फोन आला. निरोप नाही, सरळ फोन.

"इंजिनेर, मागचा डावा बिघडलाय. त्याचा आवाज उजवीकडनं येतोय. तारा उलट्या जोडल्यात तू."

मी गेले. तारा बरोबर होत्या. त्यांच्या समाधानासाठी उलट्या करून दाखवल्या, तर म्हणाले आता उजवा बिघडला. पुन्हा सुलट्या केल्या. माईक ठेवून मोजलं. मशीन म्हणालं, सगळे स्पीकर ठीक.

"माईकला काय कळतंय?" तात्या म्हणाले. "त्याला मत असतंय का?"

मी मागच्या डाव्याचा आवाज वाढवून दिला. त्यांनी मान हलवली. काही दिवस बरे गेले. मग पुन्हा फोन. पुन्हा वाढवला. मग स्पीकरच बदलला. नंतर दुसऱ्या कोपऱ्यातला इकडं आणि इकडचा तिकडं केला. प्रत्येक वेळी तात्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. पण आता ती मान 'नाही' म्हणायची. त्यांचा आवाज चढायला लागला होता. मला बघून हसायचे, ते बंद झालं होतं.

एकदा मी शिडीवरून उतरत होते तेव्हा काकी चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातनं लई मोठ्यानं येतंय गं. मला इथं दारात दडे बसत्यात कानाला. अन् ह्यांला कसं ऐकू येत न्हाय?"

त्यांनी ते सहज विचारलं असेल. माझ्या हातातला पाना मात्र तिथंच थांबला. मी वळून तात्यांकडं बघितलं. ते आमच्याकडं पाठ करून, मशीनकडं बोट दाखवून एकटेच काहीतरी पुटपुटत होते.

त्या दिवशी मी बोलले नाही. असल्या माणसाला काय म्हणून सांगायचं? आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला.

"ऐका. मालक बोलतोय. ते बारामतीचं मशीन. मी आधी चांगलं म्हणलो व्हतो, ते मागं घेतो. मागचा डावा फिरलाय. दुकानदाराला सुधरत न्हाय. अन् मशीन बंद केलं तरी शिट्टी वाजत ऱ्हाती. घेणार असाल तर थांबा."

"बंद मशीन शिट्टी मारतंय!" शेठ हसले. पण दिवाळी तोंडावर आली होती आणि सांगून ठेवलेली गिऱ्हाइकं फोन करून 'बघू पुढं' म्हणायला लागली तेव्हा त्यांचं हसू गेलं. त्यांनी मला आत बोलवलं.

"मशीन तू जोडलंस. त्या म्हाताऱ्याचं मत तू बदलून आण. दिवाळीच्या आत. नाही जमलं तर तू दुसरीकडं काम बघ. मी तुझ्यावर चिडलेलो नाही, पण मला दुकान चालवायचंय."

मी स्कूटर काढली आणि शेळगावला गेले. गेले खरी, पण तोंड उघडायचा धीर झाला नाही. मशीन उघडलं, बंद केलं, उगाच तारा पुसल्या. निघताना बघते तर स्कूटर पंक्चर. तात्यांना मिरची घेऊन बारामतीला जायचंच होतं. "बस पिकपमध्ये," म्हणाले. "सोडतो."

पिकपमध्ये चालवणारा उजवीकडं बसतो आणि शेजारी बसणारा त्याच्या डाव्या हाताला. मी तात्यांच्या डाव्या हाताला बसले. रस्त्याला लागल्यावर मी काहीतरी विचारलं, मिरचीच्या बाजाराबद्दल. उत्तर नाही. गाडीचा आवाज आहे म्हणून जरा मोठ्यानं विचारलं. ते समोर बघत शांतपणे चालवत होते. रागावलेत म्हणावं तर चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना मी बोललेय हेच माहीत नव्हतं.

अंथुर्ण्याच्या पुढं समोर उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या. तात्या त्याच्या मागं हळू झाले; त्यांच्या उजव्या बाजूची काच खाली होती आणि ट्रॅक्टरचा धडधडाट आत येत होता. तेवढ्यात आमच्या डाव्या बाजूनं, कच्च्या रस्त्यावरून एक मोटारसायकल पुढं घुसली. चालवणारा, मागं बाई, बाईच्या मांडीवर लेकरू. तो सारखा हॉर्न देत होता. आणि तात्यांनी ट्रॉलीबाहेर आलेला ऊस चुकवायला गाडी डावीकडं घेतली.

"तात्या, गाडी! डावीकडं गाडी हाय! तात्या!"

मी ओरडत होते. माझं तोंड त्यांच्या कानापासून हातभर लांब होतं. मोटारसायकलवरच्या बाईचा चेहरा माझ्या खिडकीला लागेल इतका जवळ आला. तिनं लेकराचं डोकं छातीशी दाबलेलं मला दिसलं. मी स्टिअरिंगला झोंबले आणि उजवीकडं ओढलं. तात्यांनी ब्रेक दाबला. मागचे मिरचीचे क्रेट धडाधडा पडले. मोटारसायकल रस्त्याकडेच्या चारीत उतरली, डगमगली, पण पडली नाही. तो माणूस शिव्या देत थांबला. बाई नुसतीच आमच्याकडं बघत राहिली.

"डोकं फिरलंय का तुझं?" तात्या माझ्यावर ओरडले. "स्टिअरिंग धरतीस? तोंड न्हाय तुला? सांगायचं की आधी!"

"मी ओरडत होते, तात्या."

"कवा?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग चारीत उभ्या त्या माणसाकडं बघितलं, जो अजून अंगठ्यानं हॉर्न वाजवून, हात हलवून विचारत होता की हे ऐकू आलं नाही का. तात्यांनी मान हळूहळू वळवली, उजवा कान त्या बाजूला केला, आणि तो हॉर्न ऐकला. मग मान पुन्हा सरळ केली. पुन्हा वळवली. मी हे शेजारी बसून बघत होते आणि मला तिथून उतरून पळून जावंसं वाटत होतं.

बारामतीपर्यंत त्यांनी बैलगाडी चालवावी तशी गाडी चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "ये. मशीन तपासायचंय."

एसटीनं पोचले तर खोलीत ते खुर्चीत बसून होते. काकी दारात. तात्या म्हणाले, "ते श्श्श लाव. एकेक."

मी लावलं. समोरचा उजवा. "उजवीकडं," ते म्हणाले. मधला. "उजवीकडं." समोरचा डावा. "उजवीकडं." मागचा डावा सुरू झाला, मी मघाशीच कमी केलेला, पण मला स्वच्छ ऐकू येणारा. तात्या डोळे मिटून वाट बघत होते. आवाज संपला. ते अजून वाट बघत होते.

मग उठले. खुर्चीचे दोन्ही हात धरून ती ओढायला लागले. मी पुढं झाले तर हातानं थांबवलं. फरशीवर पाय करकरत खुर्ची आधी आडवी झाली, मग पुरती उलटी, आणि तात्या पडद्याकडं पाठ करून, मागच्या भिंतीकडं तोंड करून बसले. आता मागचा डावा त्यांच्या उजव्या हाताला आला होता.

"लाव."

मी तोच स्पीकर लावला, तेवढ्याच आवाजात. श्श्श.

तात्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "बोलतोय," ते म्हणाले. "झकास बोलतोय."

तात्या भिंतीकडं तोंड करून बसलेले, आम्ही दोघी त्यांच्या पाठीमागं. त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला, काढला. पुन्हा ठेवला.

"शिट्टी बी मशीनची न्हाय मग," ते म्हणाले. "माजीच हाय."

मी म्हणाले, "तात्या, बारामतीत कानाच्या डॉक्टरांना दाखवू. आजच."

"काय नगं. वय झालं. एक हाय की अजून." मग खुर्चीतूनच मान फिरवून म्हणाले, "अन् तुज्या शेठला सांगायचं न्हाय. ते मी सांगन. माजं मत हाय, माज्याच तोंडनं जाईल."

"कधी?"

"सांगन म्हणलं ना."

मी शेठला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुकान त्याच दिवशी दोषातून मोकळं झालं असतं, आणि मीही. पण गावोगावच्या विहिरींवर त्या कानाच्या भरवशावर लोकांनी मोटरी खोलल्या होत्या. तो कान गेला, हे माझ्या तोंडून बारामतीच्या दुकानात, शेठच्या हसण्याबरोबर बाहेर पडावं असं मला वाटेना. दिवस जात होते. तात्यांचा निरोप येत नव्हता. शेठ रोज विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायचे, "बघतेय." त्यांनी दुसरा माणूस शोधायला सुरुवात केली, हे मला शेजारच्या दुकानातून कळलं.

शेवटी मीच पुन्हा शेळगावला गेले. अंगणात पाय ठेवला तर आत भांडण चाललेलं. तात्या पिकपची चावी मागत होते. चावी काकींच्या कनवटीला होती.

"दे म्हणलं चावी. माल सडतोय."

"सडू द्या."

"कालच बांधावर तोल गेला म्हून भ्यायलीस व्हय? पाय निसटला नुसता."

हे मला नवीन होतं. "तोल जातोय?" मी विचारलं.

"सारखा जातोय," काकी म्हणाल्या. "रात्री उठलं की भीत धरून चालत्यात."

"तू गप!" तात्या ओरडले. "मला काय झालं न्हाय! समदं ऐकू येतंय मला!"

काकी पुढं आल्या. मला वाटलं चावी देतायत. त्या तात्यांच्या डाव्या बाजूला गेल्या, जरा मागं उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात, रोजच्या बोलण्यासारखं बोलल्या, "तुमी गेल्यावर मी भांडू कुणासंगं?"

मला ते पायरीवर ऐकू आलं. तात्या समोर बघत, हात पसरून, चावीची वाट बघत उभे होते.

काकी पुढून आल्या. "काय म्हणले मी आत्ता?"

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझे डोळे भरलेले त्यांनी बघितले असणार. त्यांचा पसरलेला हात हळूहळू खाली आला.

"काय म्हणली ही?" त्यांनी मला विचारलं.

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले.

त्यांनी विचारलं नाही. कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि म्हणाले, "चला. यष्टीनं जाऊ."

बारामतीच्या डॉक्टरांनी कान तपासला, दारंखिडक्या बंद केलेल्या खोलीत बसवून ऐकायची परीक्षा घेतली, आणि मग डोक्याचा फोटो काढायला सांगितलं. फोटो बघताना ते एकदाही आमच्याकडं बघेनात, तेव्हाच मला अंदाज आला. कानाच्या आत, मेंदूकडं जाणाऱ्या नसेवर गाठ होती. जात वाईट नाही, ते म्हणाले, पण वाढतेय. मेंदूला दाबायला लागली की अवघड होईल. पुण्याला जाऊन काढावी लागेल; त्यांनी तिथं फोन करून मंगळवार ठरवलासुद्धा. ऑपरेशन मोठं आहे. त्या कानानं पुन्हा ऐकू येणार नाही, चेहऱ्याची एक बाजू कदाचित सैल पडेल. आणि उशीर केला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"तुम्हाला कसं लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. "एका कानाचं बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं."

"मशीननं सांगितलं," तात्या म्हणाले. डॉक्टरांना काही कळलं नाही. आम्हीही समजावून सांगितलं नाही.

दवाखान्याबाहेर पायरीवर बसून त्यांनी फोन काढला. काकी पाणी आणायला गेल्या होत्या. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. मी म्हणाले, आत जाऊन बोला. "न्हाय, हितंच," ते म्हणाले. खाकरले.

"ऐका. मालक बोलतोय." मग थांबले. बोट दाबलेलंच होतं. ते थांबणंसुद्धा त्या निरोपात गेलं. "बारामतीच्या मशीनबद्दल मी वाईट बोललो व्हतो. ते समदं खोटं हाय. मशीन चांगलं हाय, पाची स्पीकर चांगले हायती, पोरीनं काम चोख केलंय. बिघाड मालकात व्हता. माजा डावा कान गेलाय. आत गाठ हाय. मंगळवारी पुण्यात काढणार हायत. माज्या मतावर कुणी मशीन घ्यायचं थांबला असंल तर जाऊन घ्या. अन् ज्यांच्या मोटरी मी ह्या साली ऐकल्या, त्यांनी दुसऱ्या माणसाकडनं परत तपासून घ्या. माज्या भरवशावर ऱ्हाऊ नगा."

बोट उचललं. फोन खिशात ठेवला.

संध्याकाळी शेठनी तो निरोप नेहमीसारखा मोठ्यानं लावला. दुकानात कोणी हललं नाही. संपल्यावर शेठनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? मी तुला काढणार होतो."

"मत त्यांचं होतं, शेठ."

मंगळवारी शेठनी मला न मागता सुट्टी दिली. पुण्याच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या दाराबाहेर मी आणि काकी बसलो होतो. मुलगी-जावई सांगलीहून वाटेत होते. दार उघडलं की काकी उठायच्या. कोणी दुसऱ्याच पेशंटचं नाव घ्यायचं, त्या बसायच्या. दुपार उलटली तरी निरोप नाही. माझ्याकडं शेळगावहून, निमगावहून, कुठून कुठून फोन येत होते. विहिरींवरची माणसं विचारत होती. मी बोलताना काकी माझ्या तोंडाकडं बघायच्या, जणू मला काही आतलं कळलंय आणि मी लपवतेय.

"कवा संपंल गं?" त्यांनी विचारलं.

"होईल आता."

"तू बी खोटं बोलाय लागलीस," त्या म्हणाल्या आणि माझा हात धरून ठेवला.

दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली. काकी उठल्या नाहीत. डॉक्टर त्यांच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "पूर्ण निघाली. धोका टळला." काकींनी तोंडाला पदर लावला आणि वाकल्या, एवढ्या की कपाळ गुडघ्याला टेकलं.

शुद्धीवर आल्यावर तात्यांच्या तोंडाची डावी बाजू उतरलेली होती. बोलणं जड होतं. त्यांनी पहिलं मत दिलं ते दवाखान्याच्या उशीबद्दल, आणि ते चांगलं नव्हतं.

त्यानंतर मी ते दुकान सोडलं; रागानं नाही, सोलापूरला चांगलं काम मिळालं म्हणून. शेळगावला जाणं कमी झालं. तात्या विहिरींवर जाईनासे झाले, पिकप विकला, हे कळत होतं. निरोप मात्र येत राहिले, जरा बोबडे.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला इंदापूरला आले होते. बाजारच्या दिवशी भाजी घ्यायला बाहेर पडले तर गर्दीत ते दोघं दिसले. पूर्वी तात्या पुढं आणि काकी पिशवी घेऊन बऱ्याच मागं, अशी त्यांची चाल. पूर्ण गावाला ती माहीत होती. आता काकी त्यांच्या उजव्या अंगाला, कोपराला धरून, बरोबरीनं चालत होत्या. आणि बोलत होत्या. भेंडी जून होती ते, कोणाच्या सुनेनं काय केलं ते, मागच्या आठवड्यात काय विसरलं ते, एका दमात, मधे श्वाससुद्धा न घेता. त्या बाईच्या आत एवढं बोलणं साठलं असेल, हे मला कधी वाटलं नव्हतं. तात्यांनी एकदा हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला. त्या थांबल्या नाहीत.

मला बघून त्यांचा वाकडा चेहरा उजवीकडून हसला.

"इंजिनेर!" भर बाजारात ते ओरडले, आजूबाजूचे चार लोक वळले. "एकच कान ऱ्हायलाय बघ आता. अन् त्यो बी हिनं धरलाय."

काकी लाजल्या नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, कोपर घट्ट धरलं आणि जिथं थांबल्या होत्या तिथून पुढं बोलायला लागल्या.